पहिला हार शकुनचा

१६ डिसेंबर २०२४, सोमवार

"मानूस पाहाचा असन त सकायी पाहावा. संध्याकायी त सारेच राजे असते." बाबांचं हे वाक्य. हिवरखेडला आत्यासाठी स्थळ आलं होतं, पाहुणे दिवेलागणीला पोचणार होते. बाबांनी त्यांना परस्पर मुक्कामाला दुसरीकडे पाठवलं आणि सकाळी बोलावलं. मी चौथीत होते. ते वाक्य कुठेतरी खोल राहून गेलं असावं, कारण योगेशकडून लग्नाचा निरोप आला तेव्हा मीही सकाळचीच वेळ मागितली. अकोल्याला माझ्या खोलीवर ते अकरा वाजता आले. पांढरा शर्ट, नीट कापलेली नखं, आणि काठोकाठ भरलेला कप एक थेंब न सांडता उचलणारे हात. त्रेचाळिसाव्या वर्षी मी त्या हातांना हो म्हटलं.

आज या घरातला चौथा दिवस. अमरावतीहून नांदगाव पेठेकडे जाताना रस्त्यापासून जरा आत तीन एकर फुलं आहेत, आणि फुलांच्या मधोमध घर. शेवंती, गलांडा, गुलाब. विहिरीजवळ निशिगंधाचे दोन वाफे. पहाटे कापड कारखान्यांच्या बसेस कामगारांना घेऊन जातात, त्यांच्या दिव्यांचा पट्टा माझ्या खिडकीवरून सरकतो तेव्हा मला जाग येते. तोवर चंदा आणि तिच्याबरोबरच्या बाया तोडणीला लागलेल्या असतात. तोडलेली फुलं घरामागच्या कोठीत जातात. खिडकी नसलेली, फरशी ओली ठेवलेली खोली आहे ती. तिथे ओल्या पोत्यांखाली फुलं टिकतात, मग टेम्पो येऊन बाजारात नेतो.

सतरा वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढल्यावर मला काहीच येत नाही. फूल हातात घेतलं की मी ते उलटून पाहते. सासूबाई, पार्बताबाई, आज हसून म्हणाल्या, "पुस्तक समजून राहिली का वं? फूल वापस येत नाही." ही वही शाळेतून निरोपाच्या वेळी मिळाली. रोज नाही, पण सुचेल तेव्हा लिहीन. आनंदात आहे, एवढं पहिल्या पानावर असू दे.

२२ डिसेंबर, रविवार

शकुनबद्दल लिहायला हवं. योगेशची पहिली बायको. चार वर्षांपूर्वी ताप डोक्यात जाऊन गेली. मला हे सगळं लग्नाआधीच सांगितलं होतं. ते पूर्वी पीत होते हेही सांगितलं, आणि शकुनच्या चितेसमोर शपथ घेतली, तेव्हापासून थेंब नाही हेही. तेव्हा मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

आता तसं वाटत नाही. माणूस एका बाईसाठी इतकं सोडतो. मग माझ्यासाठी सोडायला काय उरलं?

आमच्या लोकांत दुसरेपणाची बायको गळ्यात सवतीचा टाक घालते. चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती. लग्नाच्या संध्याकाळी सासूबाईंनी तो माझ्या मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात बांधला. नवी साडी आधी टाकाला लावायची, मग नेसायची. पहिला घास टाकाला दाखवायचा, मग खायचा. नाहीतर ती रागावते. मी शिकलेली बाई, पण हे मी मुकाट्याने करते. तिच्या घरात आले आहे, एवढं तिचं द्यायला हवं.

पण हाराचं मला जड जातं. कोठीत तिचा फोटो आहे. रोज सकाळी, बाजारासाठी एकही हार ओवण्याआधी, योगेश कोठीत जातात, दार लावतात आणि तिचा हार स्वतः ओवतात. कोणी आत जायचं नाही. थंडीत निशिगंध फार येत नाही. जेवढा येतो तेवढा तिचा. मी काल सहज म्हटलं की दोन दांड्या मला वेणीत हव्या होत्या. ते म्हणाले, शेवंती घे ना, शेवंती खूप आहे.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. तीळगूळ आधी टाकाला दिला.

एक गोष्ट मांडून ठेवते. सकाळी उठल्यावर योगेशचे हात थरथरतात. थंडीने नव्हे, कारण कपाळावर घाम असतो. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात आणि मी पाहत असले तर खालीच ठेवतात. घरात चिडचिड असते, आईशीही धड बोलत नाहीत. मग कोठीत जातात. वीस मिनिटांनी बाहेर येतात ते वेगळेच. हात स्थिर, चेहरा निवळलेला, आणि हातातल्या दोऱ्यात प्रत्येक कळी समान अंतरावर. सुईत दोरा घालू न शकणारा माणूस आत जातो आणि असा हार ओवून बाहेर येतो.

तिच्यापाशी काय मिळतं त्यांना, जे माझ्यापाशी नाही?

आज दाराला कान लावला. लाज वाटते लिहायला, पण लावला. आत काचेच्या बांगड्या किणकिणल्या. हात भरून बांगड्या घातलेल्या बाईने हात हलवावा तशा, आधी भराभर, मग हळू, मग थांबल्या. नंतर त्यांचा एक लांब सुस्कारा.

चंदा अंगणातून पाहत होती. टोपली कमरेवर ठेवून म्हणाली, "वहिनी, मालक कोठीत काऊन बसते ते इचारलं का कधी त्यायले?" मी म्हटलं, माहीत आहे मला. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण मुकाट सोसणाऱ्या बाईकडे पाहतो. म्हणाली, मग तुमचं काळीज मोठं. सगळ्या गावाला माहीत आहे तर, की ते अजून तिच्याकडे जातात.

२ फेब्रुवारी, रविवार

अकोल्याला माझ्या मावसभावाच्या मुलीचं लग्न. मी हौसेनं निघाले होते. माझं शहर, माझी माणसं, तिथे शकुनचं काही नाही. योगेश सकाळी कोठीत नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले आणि बसमध्ये छान बोलत होते. बडीशेप चघळत मला मूर्तिजापूरच्या जत्रेची गंमत सांगितली. त्यांच्या श्वासाला तो वास होता, जो त्यांच्या उशीलाही असतो. कालच्या उरलेल्या, पाण्यात राहिलेल्या फुलांसारखा. मला तो आता आवडायला लागला आहे.

मुहूर्त लांबला. दीड वाजता पाहते तर ते खुर्चीत घामाघूम, मांडीवर हात दाबून धरलेले. माझ्या बहिणीने अक्षता दिल्या तर मुठीतून सांडल्या. मी विचारलं, काय होतंय? त्यांनी माझ्याकडे अनोळखी बाईसारखं पाहिलं आणि उठून गेले. लग्न लागलं तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. अर्ध्या तासाने आले ते शांत, हसरे; नवऱ्या मुलाच्या काकांशी कपाशीच्या भावाबद्दल बोलत बसले.

परत आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्यांनी तांदळाचं सूप पुढे ओढलं. मग म्हणाल्या की तिचा ओढा आहे त्याच्यावर, लांब गेला की ती ओढते. पिण्याबद्दल मी अंदाज घेऊन विचारलं, तेव्हा त्या तडकल्या. "पेताड मानूस वळखू येत नाही का? झोकांड्या खाते, बायकोले मारते, नालीत पडते. माह्या योगेशनं उभ्या जन्मात आवाज तरी चढवला का?"

ते खरंच. मी मान हलवली. टाक गळ्याला टोचत होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सासूबाई धारणीला गेल्या. नणंद शालू बाळंत झाली. जावई तिकडे मास्तर आहेत. महिनाभर येणार नाहीत. तिकडे फोन लागला तर लागला.

घरात आता आम्ही दोघंच. दोघंच, असं लिहून खोडणार होते.

काल कोठीचं दार नीट लागलं नव्हतं. फटीतून पाहिलं. ते पाठमोरे होते. कपाळ तिच्या फोटोच्या काचेला टेकवलेलं, एक हात फोटोच्या मागे गेलेला, जशी तिची मान धरली आहे. माझ्याजवळ ते कधी असे टेकले नाहीत. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपतात.

मी पुरे केलं आहे तिचं. साड्या दिल्या, घास दिले. माणूस देणार नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

योगेश दुपारी विहिरीच्या बांधावरून घसरले. घोटा मोडला. अमरावतीला दवाखान्यात गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, महिनाभर पाय टेकवायचा नाही. तरुण डॉक्टर सगळं विचारून लिहीत होते. साखर? नाही. दमा? नाही. दारू घेता का, रोज, किती? योगेश माझ्याकडे पाहत राहिले. मीच उत्तर दिलं, जरा चढ्या आवाजात, की आमच्या घरी चार वर्षांत थेंब आलेला नाही. डॉक्टरांनी तिथे रेघ मारली.

घरी येताच त्यांनी सांगितलं, कोठीपर्यंत ने. मी म्हटलं, डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकलं ना?

त्यांना झोप लागली तेव्हा मी कोठीला कुलूप घातलं. फुलं ओसरीवर ठेवायला सांगितलं. किल्ली टाकाच्याच दोऱ्यात ओवली आहे. तिने स्वतःच राखण करावी.

२३ फेब्रुवारी, रविवार

रात्रभर झोपले नाहीत. सकाळी कूस बदलता येत नाही इतके थरथरत होते, चादर भिजलेली. ताप नाही, मी मोजला. छाती इतक्या जोरात चालली होती की हात ठेवला तर हातच उडाला. प्लास्टरच्या दुखण्याने असेल.

म्हणतात, शकुनजवळ ने. तिला हार घालायचा राहिला.

मी म्हटलं, मी घालते. त्यावर दोन्ही हातांनी माझा पदर धरला. "तू नोको जाऊ. मले ने. मले फक्त तिथवर ने, गीता."

मी नको. घरभर वावरलेलं चालतं, स्वयंपाक चालतो, पाय चेपलेले चालतात. तिच्यापाशी मी नको.

तीन दिवस. आई म्हणायची, कसलीही ओढ तीन दिवस दाबली की मरते. शिवरात्रीपर्यंत थांबायचं. मग हा माणूस माझा.

धारणीला फोन लागला नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काही खात नाहीत. पाणी दिलं तरी उलटून पडतं. सकाळी रडले. एवढा मोठा माणूस. म्हणाले, तुले काय सांगू, कसं सांगू. मग माझ्याकडे पाहिलं, ओठ हलले आणि शेवटी म्हणाले, "शकुन बलावून राहिली." मला तेव्हा वाटलं की ते दुसरंच काही सांगणार होते.

एक कबूल करते. दुपारभर त्यांनी माझा हात सोडला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा. मला बरं वाटलं. तो थरथरता, ओला हात धरून मला बरं वाटत होतं.

चार वाजता ती आली.

डोळे वर फिरले, दात आवळले, सगळं अंग ताठ होऊन आपटायला लागलं. पाऊण मिनिट असेल. तोंडातून फेस. मी टाक मुठीत धरून ओरडले की सोड त्याला, माझा आहे तो. आणि तिने सोडलं. ते घोरायला लागले.

जिंकले, असं वाटलं. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करीन. उद्या उजाडू दे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७

चादरीवर मुंग्या आहेत म्हणतात. एकही नाही. मी झटकते, ते आणखी दाखवतात. भिंतीवर. माझ्या हातावर. माझ्या डोळ्यांत.

मला ओळखत नाहीत.

सकाळी ९

हार ओवून राहिले आहेत.

हातात काही नाही. सुई नाही, फूल नाही. तरी डाव्या हाताने कळी उचलतात, देठ दाबतात, सुई घालतात, खाली सरकवतात. पुन्हा. पुन्हा. थरथरत, पण एकही कळी चुकत नाही. दाराकडे पाहून हसतात. बोलतात. बस शकुन, झालाच. बस.

दाराशी कोणी —

मी पाहिलं नाही तिकडे.

सकाळी १०

चंदा कोठीची किल्ली मागायला आली, उद्याची शिवरात्रीची फुलं ठेवायला. खाटेपाशी आली आणि टोपली हातातून सुटली.

विचारलं, कधीपासून नाही दिली? मी म्हटलं, काय? ती म्हणाली, "वहिनी, तुमाले खरंच मालूम नोयतं?"

तिचा नवरा पंक्चर काढायचा. दारू तोडली त्याच्या तिसऱ्या दिवशी तोही असाच, हवेत नट खोलत होता. दिवसभर खोलत होता. तिच्या सासूने भगत आणला. संध्याकाळपर्यंत संपला.

पीत नव्हते ते, मी म्हटलं. शपथ आहे.

"पडत नोयते, वहिनी. पीत त रोज होते. सकायी उठल्याबरोबर. त्याबिगर हातच चालत नोयते त्यायचे."

१०८ला तिनेच फोन केला. मला आकडे दाबता आले नाहीत. वीस मिनिटं म्हणतात. चंदा रस्त्यावर जाऊन उभी आहे, गाडी आत वळवायला.

सकाळी. वाजले किती, पाहिलं नाही

कोठी उघडली.

पोत्यांखाली बाटल्या. औषध फवारणीच्या डब्यात बाटल्या. फोटोच्या मागे, भिंतीतल्या कोनाड्यात, एक अर्धी आणि एक काचेचा ग्लास. मी तो उचलला तर माझा हात कापत होता. ग्लास बाटलीला लागून किणकिणला. भराभर.

बांगड्या.

त्या बांगड्या नव्हत्याच.

तेच घेऊन जावं, घोटभर द्यावं, असं वाटलं. धड गिळता येत नाही त्यांना, चंदा जाताना म्हणाली होती, घशात अडकेल, आता फक्त दवाखाना.

फोटोच्या पाठीला कागद चिकटवलेला. शकुनचं अक्षर. गोल, नीट, माझ्याहून चांगलं. ऑक्टोबर २०२०.

"एकदम बंद करायची नाही. अंगाला सवय आहे, झटके येतात, भास होतात, जीव जातो. डॉक्टरांसमोरच सोडवायची. आजार आहे म्हणाले, वाईट वागणं नाही. पाच दिवस भरती. कोणाला सांगायचं नाही अशी अट यांनी घातली, मी हो म्हटलं. २१ तारखेला जायचं."

ती १८ला गेली. सासूबाई म्हणतात ना, १८ला.

सगळं माहीत होतं तिला. सकाळचे हात तिनेही पाहिले होते आणि तिने ओळखलं. बाबा, मीही सकाळीच पाहिला हो माणूस. रोज पाहिला. आणि मत्सर करत बसले.

आताही करते आहे. तिला सांगितलं होतं त्यांनी. मला फक्त 'ने' म्हणाले. बाटलीकडे जातो म्हणण्यापेक्षा मेलेल्या बायकोकडे जातो म्हणणं सोपं गेलं, आणि मीही तेच ऐकलं.

गाडी अजून

अंग तापलंय. चटका बसतो. एक हात त्यांच्या छातीवर ठेवून लिहिते आहे, नाहीतर दाराकडे बघावं लागेल.

हार झाला त्यांचा. गाठ मारली. दोन्ही हात उचलून माझ्या गळ्यापर्यंत आणले. म्हणाले, शकुन.

हो म्हटलं मी. आयुष्यात पहिल्यांदा. हो, मी शकुन. घाला, आणि गाडी येईपर्यंत थांबा, मी सांगते आहे ना, शकुन सांगते आहे —

ते हसले. किती दिवसांनी स्वच्छ हसले.

"तू कायची शकुन. ते काय, तुह्या मांगं उभी हाये."

निशिगंधाचा वास येतो आहे. कोठी उघडी राहिली म्हणून. कोठी उघडी आहे म्हणूनच.

मी मागे वळणार नाही

शकुनबाई. टाक काढते गळ्यातून. किल्लीही. साड्या घ्या, घास घ्या, निशिगंध सगळा तुमचा, वर्षभराचा. तुमची २१ तारीख राहिली होती, ती मी नेते त्यांना, पाचही दिवस बसते तिथे, सगळ्यांना सांगते, रेघ मारली तिथे स्वतः लिहिते. फक्त आजचा दिवस त्यांना इथे राहू द्या. तुम्ही नाही म्हणाल. तुमच्या जागी मी असते आणि चार वर्षांनी ते माझ्याकडे असे हात पसरून निघाले असते, तर मीही नसते दिले परत, कोणालाच नसते, तरी पण एवढा एक दिवस बाई, तुम्ही —